उत्कृष्ट अध्यापन गौरव (प्रकल्प व्यवस्थापन)

प्रकल्प व्यवस्थापन (ठरलेले काम ठरल्या वेळात आणि खर्चात पार पाडण्याचे शास्त्र) हा विषय विद्यापीठात किंवा महाविद्यालयात सातत्याने उत्तम शिकवणाऱ्या अध्यापकाची पारख करून निवड करण्याची आणि पुरस्कार, मानपत्र, निधी किंवा तासांतील सवलत देऊन त्याचा गौरव करण्याची पद्धत. आदर्श शिक्षक पुरस्कारात एकूण सेवा पाहिली जाते. इथे एका विषयाचे शिकवणे तपासायचे असते, आणि नेमके तेच अवघड जाते.

हा विषय घडला तो कारखान्यांत आणि संरक्षण खात्यात. प्रकल्पाचा एकूण अवधी ठरवणारी कामांची साखळी शोधणारी क्रांतिक मार्ग पद्धत १९५७ च्या सुमारास ड्यूपाँट कंपनीत आकाराला आली, तर कामांच्या अनिश्चित अवधीचा अंदाज बांधणारी पर्ट पद्धत १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र कार्यक्रमात. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटशी (पीएमआय) संबंधित प्रतिष्ठानाने लिन स्टकेनब्रक यांच्या नावाने अध्यापन उत्कृष्टतेचा पुरस्कार ठेवला. भारतात राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार २०२३ पासून उच्च शिक्षणातील अध्यापकांनाही दिला जाऊ लागला, मात्र तो विषयवार नसतो. अभियांत्रिकी अभ्यासक्रमांना मानांकन देणाऱ्या राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाच्या (एनबीए), पदवीधराला काय काय यायला हवे याच्या बारा कलमी यादीत ‘प्रकल्प व्यवस्थापन आणि वित्त’ हे अकरावे कलम होते. त्यामुळे अभियांत्रिकीच्या प्रत्येक शाखेत हा विषय कुठल्या ना कुठल्या रूपात असतोच. तो सगळ्यांचा असल्यामुळे कोणाचाच राहत नाही. स्थापत्य विभागातल्या अध्यापकाचे मोजमाप स्थापत्यात होते, एमबीएच्या अध्यापकाचे व्यवस्थापनात, आणि हा विषय जीव ओतून शिकवणारा दोन्हीकडे मागे पडतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत अध्यापनाची प्रतवारी नेमून दिलेल्या तासांपैकी किती तास घेतले यावर ठरते : ८० टक्के किंवा अधिक म्हणजे चांगले, ७० ते ८० समाधानकारक, ७० च्या खाली असमाधानकारक. तास घेतले की नाहीत हे यातून कळते, तासाला काय झाले ते कळत नाही. म्हणून गौरवासाठी वेगळा पुरावा लागतो.

सर्वांत बोलका पुरावा म्हणजे विद्यार्थ्यांच्या कामाच्या मूळ फाइली. छापलेला, रंगीत गँट तक्ता (कामे आणि त्यांच्या तारखा आडव्या पट्ट्यांनी दाखवणारा तक्ता) पाहून काही कळत नाही. फाइल संगणकावर उघडून पायाच्या खोदकामाचा अवधी १० दिवसांवरून २५ करावा. शेवटची तारीख पुढे सरकली किंवा उपलब्ध फ्लोट (शेवटची तारीख न ढळता कामाला मिळणारी सवड) कमी झाला, तर कामांचे परस्परावलंबन शिकवले गेले आहे. सगळे जागच्या जागी राहिले, तर तारखा हाताने भरल्या आहेत आणि तक्ता नुसता नकाशासारखा रंगवला आहे. ही तपासणी पाच मिनिटांची असते, तरी निवड समित्या ती क्वचितच करतात. अध्यापकाने निवडून दिलेले उत्तम काम न घेता उत्तम, मध्यम आणि कच्चे असे तीन नमुने मागवावेत. कच्च्या नमुन्यावर अध्यापकाने समासात काय लिहिले आहे, हे त्यातले सर्वांत महत्त्वाचे.

अध्यापक आजूबाजूची उदाहरणे वापरतो का, हेही पाहावे. नागपुरात, समजा, अशी उदाहरणे दाराशीच आहेत. वर्धा रोडवर महामार्गाचा उड्डाणपूल आणि मेट्रोचा मार्ग एकाच खांबांवर वर-खाली नेणारा ३.१४ किलोमीटरचा दुमजली पूल आहे. दोन यंत्रणांची कामे एका वेळापत्रकात कशी बसवायची, हे त्यावरून उत्तम समजावता येते. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ ची. मूळ अंदाज सुमारे ३७२ कोटींचा, तो पुढे कित्येक पटींनी वाढला. भूसंपादन, पुनर्वसन, व्याप्तीतली वाढ यांतले काय किती कारणीभूत, हे वर्गात वेगळे काढून दाखवावे लागते. काळ्या मातीत जूननंतर खोदकाम रखडते, मे महिन्याच्या उन्हात काँक्रीट पहाटे किंवा रात्री ओतावे लागते. ज्या वेळापत्रकात बाराही महिने सारखेच कामाचे दिवस धरले आहेत, ते पुस्तकातून उतरवलेले समजावे.

वर्गनिरीक्षण दोनदा, दोन वेगवेगळ्या निरीक्षकांनी करावे. पाहायचे ते वक्तृत्व नव्हे. समजा, नियोजित कामाचे मूल्य ४० लाख, झालेल्या कामाचे ३० लाख आणि प्रत्यक्ष खर्च ३६ लाख. वेळापत्रक निर्देशांक (झालेले काम भागिले नियोजित काम) ०.७५ आणि खर्च निर्देशांक (झालेले काम भागिले प्रत्यक्ष खर्च) ०.८३, इथवर सगळेच शिकवतात. प्रकल्प कितीही उशिरा संपला तरी शेवटी वेळापत्रक निर्देशांक १ वरच येतो, कारण तोवर झालेले काम आणि नियोजित काम सारखेच झालेले असते. म्हणून अखेरच्या टप्प्यात त्यावर विसंबू नये. हे न विचारता सांगणारा किंवा वर्गाकडून काढून घेणारा अध्यापक वेगळा ओळखू येतो.

विद्यार्थ्यांचा फीडबॅक लागतो, पण त्यावर सगळा भार टाकता येत नाही. साठ जणांच्या वर्गात बारा जणांनी फॉर्म भरला असेल, तर ४.३ आणि ४.५ या सरासरींतल्या फरकाला अर्थ नाही. पंधरा जणांचा ऐच्छिक वर्ग आणि सव्वाशेचा सक्तीचा वर्ग एका रांगेत लावणे तर सरळ अन्यायाचे. सढळ हाताने गुण देणाऱ्याला चांगले शेरे मिळतात, हेही जुनेच दुखणे. सरासरीऐवजी तीन वर्षांचा कल आणि लेखी शेरे पाहावेत. पास होऊन दोन-तीन वर्षे नोकरी केलेल्या माजी विद्यार्थ्यांना ‘कामावर यातले नेमके काय वापरले?’ एवढेच विचारावे. त्यांची उत्तरे अधिक भरवशाची असतात.

गटप्रकल्पाचे गुण कसे दिले, हाही तपासण्याचा मुद्दा. एक राबतो आणि चौघे नावे घालतात, ही प्रत्येक सबमिशनची कथा. आठवड्याची कामनोंद, सहकाऱ्यांनी एकमेकांना दिलेले गुण आणि प्रत्येकाची स्वतंत्र तोंडी परीक्षा, यांपैकी किमान दोन गोष्टी असल्याशिवाय गटाचे गुण विश्वासार्ह मानू नयेत.

समिती साधारण पाच जणांची असावी : विषय शिकवणारे दोन बाहेरचे अध्यापक, प्रकल्पावर प्रत्यक्ष काम केलेला एक अभियंता, दुसऱ्या विद्याशाखेतले एक आणि एक माजी विद्यार्थी. विभागप्रमुखाची शिफारस जोडावी, पण त्याला समितीत मताचा अधिकार देऊ नये. ज्येष्ठतेनुसार ‘यंदा यांची पाळी’ असे ठरण्याची सुरुवात तिथूनच होते. तासिका तत्त्वावरील अध्यापकांना अर्ज करता येत नसेल, तर वर्गावर प्रत्यक्ष उभी राहणारी बरीच माणसे आधीच वगळली जातात.

पुरस्कार बहुधा ५ सप्टेंबरला जाहीर करायचा असतो आणि प्रस्ताव ऑगस्टमध्ये मागवले जातात. तेवढ्या अवधीत वर्गनिरीक्षण होत नाही. मग जाडजूड फाइल, प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स आणि समारंभांचे फोटो यांवरच निकाल लागतो. निरीक्षणे आधीच्या सत्रात, जानेवारी ते मार्चमध्ये उरकून प्रस्ताव दहा पानांत मागवले, तर छाननीला वेळ मिळतो. रोख रकमेपेक्षा एका सत्रासाठी आठवड्याला दोन-तीन तासांची सूट अध्यापकाच्या अधिक कामाची असते. त्या मोकळ्या वेळात त्याने आपले प्रश्नसंच, प्रकल्पाची माहिती आणि गुणदानाचे तक्ते इतर महाविद्यालयांना वापरता येतील असे तयार करून द्यावेत, ही अट मात्र पुरस्काराच्या पत्रातच घालावी लागते.