साधे पॅड की सिंटर्ड? या प्रश्नामागची पार्श्वभूमी

मोटरसायकलच्या डिस्क ब्रेकचे पॅड, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती दाबून धरणारे तुकडे, घ्यायला गेलं की दुकानदार दोन पाकिटं समोर टाकतो. एक साधं, म्हणजे ऑर्गॅनिक. दुसरं सिंटर्ड, म्हणजे धातूच्या भुकटीचं, आणि महाग. महाग ते चांगलं हा आपला ठरलेला हिशेब. पण हे दोन प्रकार निघाले दोन वेगळ्या अडचणींतून, आणि त्या अडचणी कळल्या की निवड बरीच सोपी होते.

सुरुवात चामड्यापासून होते. 1888 मध्ये जर्मनीत मोटार बनवणाऱ्या कार्ल बेंझची पत्नी बेर्टा मानहाइमहून फोर्त्सहाइमला मोटार घेऊन निघाली. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा तिने वाटेतल्या एका चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. पुढे 1897 च्या सुमारास इंग्लंडच्या डर्बीशायरमध्ये हर्बर्ट फ्रूड याने ब्रेकचं अस्तर बनवण्याचा धंदाच मांडला. त्याच्या कंपनीचं फेरोडो हे नाव त्याच्याच आडनावाची अक्षरं फिरवून, एक ‘ई’ जोडून केलेलं. 1908 मध्ये त्याने अ‍ॅस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज वापरायला घेतलं.

अ‍ॅस्बेस्टॉस स्वस्त, विणता येणारं आणि आगीला दाद न देणारं. ब्रेकसाठी याहून काय हवं? पुढची अनेक दशकं तेच चाललं. ब्रेकचा ड्रम उघडायचा, हवेचा पाइप धरायचा आणि काळी धूळ फुंकून टाकायची, ही गॅरेजमधली रोजची रीत होती. ती धूळ फुप्फुसात जाऊन काय करते हे उघड झाल्यावर एकेक देश मागे सरला. ब्रिटनने 1999 मध्ये, तर युरोपीय संघाने 2005 पासून बंदी घातली. त्या जागी अ‍ॅरामिडचे मजबूत कृत्रिम धागे, काच, रबर आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन आलं. आजचा ऑर्गॅनिक पॅड तो हाच. आवाज कमी, डिस्कला सौम्य, लिव्हरवर पकड हळूहळू वाढणारी. फार तापला की मात्र रेझिन जळू लागतं आणि लांबच्या उतारावर पकड सुटते.

सिंटर्डची गोष्ट पावसाची आहे. 1969 मध्ये होंडा सीबी 750 ही मोटरसायकल पुढच्या चाकाला हायड्रॉलिक डिस्क घेऊन आली. जपानी कंपन्यांनी डिस्क स्टेनलेस स्टीलची ठेवली, कारण गंजकी डिस्क नव्या गाडीवर दिसायला वाईट. पण ओल्या स्टेनलेसवर त्या काळचे पॅड आधी नुसते सरकायचे. लिव्हर दाबा, क्षणभर काहीच नाही, मग एकदम पकड! ओतीव लोखंडाच्या डिस्क पावसात बऱ्या चालत, पण रात्रीत गंजत. पाणी निघून जावं म्हणून लोक आपल्या डिस्कला भोकं पाडून घेत. विमानं आणि अवजड यंत्रांतलं जुनं तंत्र इथे कामी आलं: तांब्याची, लोखंडाची भुकटी ग्रॅफाइटसह दाबायची आणि ती पूर्ण न वितळवता तापवून एकजीव करायची. 1980 च्या दशकात असे पॅड मोठ्या जपानी गाड्यांवर रुळले. हातात घेतलात तर फरक लगेच दिसतो: सिंटर्ड पितळी चमकीचा, ऑर्गॅनिक मळकट काळा.

आपल्याकडे डिस्क खऱ्या अर्थाने रुळली ती 1999 च्या हिरो होंडा सीबीझी आणि 2001 च्या बजाज पल्सर या मोटरसायकलींनंतर. ताम्हिणीत आषाढात गाडी चालवणाऱ्याला सिंटर्ड हवासा वाटणं साहजिक आहे. पण लहान गाड्यांच्या कित्येक डिस्क ऑर्गॅनिक पॅड धरूनच आखलेल्या असतात. सिंटर्ड त्यांना लवकर खातो. शिवाय धातू उष्णता वाहून नेतो, ती कॅलिपरमधल्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातल्या, ब्रेक ऑइलपर्यंत पोचते, आणि जुनं, पाणी शोषलेलं ऑइल उकळलं की लिव्हर स्पंजासारखी मऊ पडते. माझ्या मते शहरात फिरणाऱ्या सव्वाशे सीसीच्या गाडीला सिंटर्ड म्हणजे उगाच खर्च. घाटात, पावसात, डबलसीट आणि सामान घेऊन जाणाऱ्या मोठ्या गाडीची गोष्ट वेगळी. तरी कंपनीने त्या डिस्कला सिंटर्ड चालतो म्हटलंय का, हे मॅन्युअलमध्ये आधी बघावं.

पॅडच्या पाठीवर ‘एफएफ’, ‘जीजी’, ‘एचएच’ अशी अक्षरं असतात. पहिलं अक्षर साधारण तापमानातलं घर्षण सांगतं, दुसरं गरम झाल्यावरचं. एफ म्हणजे घर्षणांक 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.55 पर्यंत, एच त्याहून वर. एचएच बहुधा सिंटर्डवर दिसतं, पण ही अक्षरं ना पॅडचं आयुष्य सांगतात, ना तो डिस्क किती खाईल ते. त्यासाठी डिस्कच मोजावी लागते. किमान जाडीचा आकडा बहुतेक वेळा तिच्यावरच कोरलेला असतो.