पार्श्वभूमी: ठाणे-नवी मुंबईतली नवी नावं आणि आईच्या नावाची जागा

अद्विक, रेयांश, कियांश, शनाया. ऐरोली-घणसोलीच्या बालवाडीच्या हजेरीपटावर ही नावं आता कुणाच्या डोळ्यात भरत नाहीत. कुरकुर होते ती घरात, आणि तीही नवीन नाही. विठोबा-गणपतरावांच्या घरांत शरच्चंद्र आणि रवींद्र अशी बंगाली वळणाची नावं शिरली, तेव्हा तीही थेरंच वाटली होती. 1956च्या धर्मांतरानंतर सिद्धार्थ, राहुल, सुजाता ही नावं घरोघर आली ती हौसेने नव्हे, जुन्या नावांतला अपमान झटकण्यासाठी. मूल जगावं म्हणून दगडू, धोंडू. मुलगी नको म्हणून नकुशी. सातारा जिल्ह्यात 2011 साली अशा नकुशींची समारंभाने नवी नावं ठेवावी लागली. तेव्हा जुनी नावं तेवढी शहाणपणाची आणि आजची उथळ, हा सूर फारसा टिकत नाही.

ठाणे खाडीच्या काठच्या आगरी-कोळी गावांत पदू, जोमा, हसुराम. येऊरच्या बाजूला आदिवासी पाड्यांवर जन्मवारावरून सोम्या, मंगळ्या, बुध्या. हे चित्र बदललं 1980च्या दशकात. कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार मुंबईतून वाशीला आला, त्यामागोमाग सातारा-जुन्नरकडचे माथाडी कोपरखैरणे-तुर्भ्यात आले; गिरगाव-लालबागमधली कारकून मंडळी ठाणे, कळवा, नेरूळला सरकली. एकाच जिन्यात चार जिल्हे. मुलांची नावं मात्र सगळ्या दारांआड एकच: संदीप, सचिन, अमोल, वैशाली, मनीषा. पहिल्या नावावरून गाव-जात ओळखू येईनाशी झाली, याचं श्रेय त्या पिढीला कुणी देत नाही. पुढे इंग्रजी शाळा आल्या आणि बाईंच्या तोंडात बसेल ते नाव हा नवा निकष आला. 'ज्ञानेश्वर'चं रोमन लिपीतलं रूप पाहून अमराठी बाई 'डन्यानेश्वर' म्हणणार, हे कळल्यावर ज्ञ मागे पडला. ळ त्याच्या जोडीला गेला. अथर्व, सोहम, वेदांत, सई यांनी ती जागा घेतली.

आजच्या नावांवरचा खरा आक्षेप अर्थाबद्दलचा आहे. रेयांश म्हणजे विष्णूचा अंश, असं इंटरनेटवरच्या याद्या छातीठोकपणे सांगतात. संस्कृतात 'रेय' असा विष्णू कुठेच भेटत नाही. अंश लावला की देव जोडला जातो, एवढंच त्यातलं व्याकरण. शनाया हिंदी पडद्यावरून आली आणि एका मराठी मालिकेने 2016 नंतर तिला खलनायिका करून टाकलं. आधी नाव ठेवून बसलेल्या आईबापांचा यात काय दोष?

नावरसाचाही, म्हणजे जन्मनक्षत्राच्या चरणावरून निघणाऱ्या नावाच्या पहिल्या अक्षराचाही, यात हात आहे. 27 नक्षत्रं, प्रत्येकी चार चरण, म्हणजे 108 अक्षरं. त्यात आर्द्रेला ङ, हस्ताला ण, उत्तराभाद्रपदेला ञ. या अक्षरांनी नाव सुरू होत नाही म्हणून गुरुजी पर्याय देतात, पण 'थ', 'झ', 'ठ' वाट्याला आलेलं घर याद्या धुंडाळत बसतं. पूर्वी हा पेच नव्हता, कारण नावरसाचं नाव पत्रिकेपुरतं होतं. आत्याने पाळण्यात ठेवलेलं वेगळं, हाकेचं वेगळं आणि शाळेत गुरुजींनी पटावर लिहिलं ते चौथं. जन्मतारीख एक जून टाकणारे गुरुजी बाळ्याचा बाळकृष्णही करून टाकत. फसलेलं नाव सावरायला शाळाप्रवेश होता, आणि तो चुकला तरी दहावीचा फॉर्म होता.

ही ढील कायद्याने आवळत गेली. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा 1969चा. जन्माची खबर 21 दिवसांत द्यायची. नावाला मात्र 12 महिने विनाशुल्क मुभा, आणि महाराष्ट्राच्या नियमांनुसार विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. पण 2023च्या दुरुस्तीने 1 ऑक्टोबर 2023 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळा, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी या सगळ्यांसाठी जन्मदाखला हाच जन्माचा पुरावा झाला. म्हणजे बालवाडीच्या दारात नाव पुन्हा ठरवण्याची सोय संपली. लिहिण्यातली चूक दुरुस्त होते. नावच बदलायचं तर राजपत्र.

याच सुमारास बाळाच्या नावात आईचं नाव आणणारा निर्णय आला. मार्च 2024मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं की 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांचं नाव सरकारी कागदांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशा क्रमाने लिहायचं. अनाथ आणि तत्सम मुलांना सूट. विवाहित स्त्रियांसाठी जुनीच पद्धत: स्वतःचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव. टीका इथेच सुरू झाली. बाळाच्या दाखल्यावर आई येते, पण आईच्या स्वतःच्या नावात तिची आई नाहीच. बाप सोडून गेला असेल त्या घरांत हा क्रम अर्धाच उपयोगाचा, हाही मुद्दा रास्त आहे. समर्थकांनी गौतमीपुत्र सातकर्णीचा दाखला दिला. खरं तर दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजघराण्याची साक्ष काढायची काही गरज नव्हती. शाळेच्या रजिस्टरात आईच्या नावाचा वेगळा रकाना आधीपासून होता. फरक हा, की ती रकान्यातून नावात आली, आणि हा फरक लहान नाही.

अडचण निघाली ती फॉर्मची. पॅनच्या अर्जात पहिलं, मधलं, शेवटचं असे तीनच कप्पे. पासपोर्टमध्ये आडनाव वेगळं आणि बाकी सगळं एकत्र. आई कुठे बसवायची, याचं उत्तर टेबलागणिक बदलतं. रिद्धांश तेजस्विनी ज्ञानेश्वर एवढं रोमन लिपीत लिहिलं की आडनावाआधीच 29 अक्षरं होतात. त्यात अंकशास्त्रवाल्याने एक जादा ए सुचवलेला असला तर विचारूच नका. यावर 'आईचं नाव गाळा' असा सल्ला देणारे ठाण्यात भेटतात. तो उलटा सल्ला आहे. छोटं करायचं तर बाळाचं नाव छोटं करावं, जे अजून आपल्या हातात असतं. ईरा, सई, ओवी, नील, वेद अशी दोन अक्षरी नावं अलीकडे वाढलेली दिसतात त्यात हौस आहेच, पण ही जागेची ओढाताणही असावी.

एक मार्ग कायद्यातच आहे: प्रसूतीच्या वेळी नावाची जागा कोरी ठेवायची, दाखला बिननावाचा घ्यायचा आणि 12 महिन्यांत सावकाश नाव चढवायचं. तो वापरणारे कमी, कारण रुग्णालयातून घरी सोडताना भरायच्या फॉर्मवर नावाचा रकाना दिसतो आणि बिननावाच्या दाखल्याचीच भीती वाटते. महापे-ऐरोलीच्या आयटी कंपन्यांतून परदेशी जायच्या तयारीत असलेल्यांना तर थांबताच येत नाही. 2025च्या नियमबदलानंतर 1 ऑक्टोबर 2023 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, त्यामुळे नाव बारशाआधीच ठरतं, आणि आत्याला ते व्हॉट्सअ‍ॅपवर कळतं.