जप्त घरं, सरकारी पैसा: अमेरिकेतल्या एका योजनेची पार्श्वभूमी

ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहरात स्लाविक व्हिलेज ही जुनी कामगारवस्ती आहे. 2007 च्या सुमारास तिथल्या गल्ल्याच्या गल्ल्या ओस पडू लागल्या. गृहकर्जाचे हप्ते थकले, बँकांनी घरं ताब्यात घेतली, आणि दाराला कुलूप लागताच चोर आत शिरून तांब्याचे पाइप आणि वायरिंग उपटून नेऊ लागले. पाइप गेला की तळघरात पाणी साचतं, भिंतींना बुरशी धरते आणि नांदतं घर काही महिन्यांत विकण्याजोगंही राहत नाही. शेजारी हप्ते वेळेवर भरत असला तरी त्याच्या घराची किंमतही सोबत घसरते.

हे थांबवण्यासाठी 2008 च्या गृहनिर्माण कायद्यात 3.92 अब्ज डॉलर ठेवले गेले. राज्यांनी आणि शहरांनी या अनुदानातून जप्त झालेली, टाकून दिलेली घरं विकत घ्यायची, दुरुस्त करायची किंवा पाडायची, आणि विकायची वा भाड्याने द्यायची. हीच ‘नेबरहूड स्टॅबिलायझेशन प्रोग्रॅम’ ही योजना. बुश सरकारचा या तरतुदीला विरोध होता. पैसा शेवटी घरं अडकलेल्या बँकांनाच मिळेल, हा त्यांचा आक्षेप. तो अगदीच पोकळ नव्हता. पण फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या गृहकर्जाच्या दोन बड्या संस्था डगमगत होत्या, त्यांना सावरणंही याच कायद्यात होतं. अखेर 30 जुलैला बुश यांनी सही केली. पुढे ओबामांच्या काळात 2009 मध्ये 2 अब्ज आणि 2010 मध्ये 1 अब्ज डॉलरची भर पडली.

अमेरिकेला हा पेच नवा नव्हता. 1968 च्या कायद्याने गरीब कुटुंबांना सरकारी हमीवर घरकर्ज मिळू लागलं. डेट्रॉइटसारख्या शहरांत दलालांनी आणि मूल्यांकन करणाऱ्यांनी मोडकळीला आलेली घरं त्यांच्या गळ्यात मारली. कर्जं बुडाली आणि हजारो रिकामी घरं केंद्र सरकारच्या पदरात पडली. 1973 मध्ये विल्मिंग्टन आणि बाल्टिमोर या शहरांनी पडीक घरं 1 डॉलरला द्यायला सुरुवात केली, आणि 1974 मध्ये केंद्राने ती कल्पना उचलली. घर 1 डॉलरचं, पण ते राहण्याजोगं करायला हजारो डॉलर लागत. बाल्टिमोरची ओटरबाइन वस्ती त्यातून देखणी झाली खरी, पण हाताशी पैसा असलेल्यांसाठीच.

म्हणूनच 2008 च्या कायद्यातली एक अट मला सर्वांत मोलाची वाटते. लाभार्थ्यांच्या उत्पन्नाची कमाल मर्यादा त्या भागातल्या मध्यक उत्पन्नाच्या (निम्म्या कुटुंबांचं उत्पन्न ज्याहून कमी आणि निम्म्यांचं जास्त असतं, त्या आकड्याच्या) 120 टक्के, म्हणजे बरीच सैल होती. पण किमान 25 टक्के निधी मध्यकाच्या निम्म्यापर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्याच घरांवर खर्च व्हायला हवा होता. ही अट नसती तर पैसा सहज वरच्या थरातच जिरला असता.

अंमलबजावणी मात्र कठीण गेली. पहिल्या टप्प्यातला पैसा 18 महिन्यांत कामांना बांधून द्यायचा होता. घर मूल्यांकनापेक्षा कमी किमतीत घेणं बंधनकारक होतं, शिवाय तपासण्या. तोवर रोख मोजणारा गुंतवणूकदार तेच घर घेऊन मोकळा होई. 2010 मध्ये मोठ्या कर्जसंस्थांशी बोलणी करून स्थानिक संस्थांना अशी घरं आधी पाहण्याची थोडी मुदत मिळवावी लागली.

जे कुटुंब बाहेर पडलं, त्याला मात्र या पैशातून आपलं घर राखता आलं नाही. ही तजवीज जप्तीनंतरची होती. जप्तीची नोंद नावावर असताना त्यांना नवं कर्ज मिळणंही अवघड होतं, त्यामुळे दुरुस्त घरांत ते आलेच तर बहुधा भाडेकरू म्हणून.