रंगाचा रेणू ओळखणारा पॉलिमर

कापड रंगवणाऱ्या कारखान्यातून बाहेर पडणारं पाणी किती रंगीत असावं, याला आपल्याकडे नियम आहे. २०१६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार तो रंग प्लॅटिनम-कोबाल्ट मोजपट्टीवर १५० एककांच्या आत हवा. हे माप पाणी किती रंगलंय ते दाखवतं. कुठल्या रंगाने रंगलंय, ते दाखवत नाही. आणि रंग उडालेला असेल, तर त्या पाण्यात काय उरलंय याचा पत्ताच लागत नाही.

ही उणीव किरकोळ नाही. कापडाच्या रंगांपैकी निम्म्याहून अधिक रंग ॲझो कुळातले आहेत. नायट्रोजनच्या दोन अणूंमधला दुहेरी बंध ही या कुळाची खूण. जिथे ऑक्सिजन पोचत नाही अशा गाळात जिवाणू हा बंध तोडतात. पाणी स्वच्छ दिसू लागतं, पण त्यात ॲरोमॅटिक अमाइन, म्हणजे बेंझिनसारखी कडी असलेली नायट्रोजनयुक्त संयुगं, उरतात. त्यांतल्या बेंझिडीनमुळे माणसाला मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेलं आहे. अशीच अमाइन सोडणाऱ्या ११२ रंगांवर भारताने नव्वदच्या दशकात बंदी घातली. बाकीच्या रंगांतून निघणारी सगळीच अमाइन घातक नसतात, पण कुठली निघाली हे पाहायला तर हवं. मिश्रणातले रेणू वेगळे करणारी क्रोमॅटोग्राफी आणि वस्तुमानावरून ते ओळखणारी मास स्पेक्ट्रोमेट्री हे अचूक सांगतात. मात्र ती यंत्रं महागडी, आणि नमुना प्रयोगशाळेत न्यावा लागतो. तोवर नाल्यातलं पाणी पुढे वाहून गेलेलं असतं.

नाल्याकाठीच रंग ओळखायचा एक मार्ग म्हणजे रेणूचा ठसा उमटवलेले पॉलिमर (छोटे रेणू जोडून बनलेल्या लांब साखळ्यांचे पदार्थ), इंग्रजी आद्याक्षरांनी 'एमआयपी'. ओल्या कोब्यावरून मांजर चालून गेलं की पावलाचा ठसा कायमचा राहतो; इथे पावलाऐवजी रेणू असतो. समजा, एखादा ॲझो रंग शोधायचा आहे. त्याच्या सल्फोनेट गटावर ऋण प्रभार असतो, म्हणून धन प्रभार घेणारा व्हिनाइल पिरिडिनसारखा घटक निवडतात. द्रावणात हे घटक रंगाच्या रेणूभोवती आपोआप जमतात. मग साखळ्यांना आडवे जोड देणारं रसायन घालून सगळं मिश्रण घट्ट करतात आणि रंग धुऊन काढतात. उरते ती त्या रेणूच्या आकाराची पोकळी, आणि तिच्या भिंतीवर योग्य जागी योग्य रासायनिक गट. दुसरा रेणू आकाराने बसला तरी हे गट जुळले नाहीत, तर तो सैलच राहतो.

विशेष म्हणजे ही कल्पना रंगावरच सिद्ध झाली. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांचा तर्क होता की शरीरातली प्रतिपिंडं परक्या रेणूभोवती साच्यासारखी घडतात. त्यांचा विद्यार्थी फ्रँक डिकी याने १९४९ मध्ये सिलिका जेल तयार होताना त्यात मिथिल ऑरेंज मिसळला आणि नंतर धुऊन काढला. शाळेच्या प्रयोगशाळेत आम्ल-अल्कली ओळखायला वापरतात तोच हा ॲझो रंग. त्या जेलने पुढे एथिल ऑरेंजसारख्या जवळच्या भावंडांपेक्षा मिथिल ऑरेंजच जास्त धरला. प्रतिपिंडांबाबत पॉलिंग चुकले, जेलबाबत मात्र तर्क खरा ठरला. १९८१ मध्ये अर्शदी आणि क्लाउस मोसबाख यांनी केवळ दुर्बळ आकर्षणांवर पॉलिमरमध्ये ठसे उमटवले, तेही रोडॅनिल ब्लू आणि सॅफ्रानिन या रंगांचे.

रेणू पोकळीत बसला, हे कळायचं कसं? इलेक्ट्रोडवर या पॉलिमरचा पातळ थर दिला तर पकडलेल्या रंगामुळे विद्युतप्रवाह बदलतो. क्वार्ट्झच्या स्फटिकावर थर दिला तर वजन वाढून त्याची कंपनं मंदावतात. शेजारी ठसा न उमटवलेला तसाच पॉलिमर ठेवतात. दोन्हींच्या फरकावरून खरी ओळख किती आणि नुसतं चिकटणं किती, ते समजतं. ही तुलना न देणाऱ्या दाव्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

खरी कसोटी नाल्यातल्या पाण्यात आहे. १९५६ पासून सुती कापडाला रिॲक्टिव्ह रंग देतात. ते धाग्याशी पक्के जोडले जातात, पण त्यांचा काही भाग पाण्याशीच अभिक्रिया करून बसतो. तो कापडाला लागत नाही, थेट सांडपाण्यात जातो. रंग धाग्याकडे ढकलायला भरपूर मीठ घालतात, शेवटी कापड साबणाने धुतात. मिठाचे आयन पोकळीतल्या प्रभारित जागा अडवतात, पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांच्या जागा बळकावतात. असा थर दिलेला संवेदक (सेन्सर) डिस्टिल्ड पाण्यात उत्तम चालला, तरी इथे अडखळतो. शिवाय पॉलिमरमध्ये अडकून राहिलेला मूळ रंग हळूहळू झिरपून खोटं मोजमाप देतो. म्हणून त्याच्याशी मिळत्याजुळत्या दुसऱ्या रेणूचा ठसा घेण्याची युक्ती वापरतात.

तमिळनाडूतल्या तिरुपूरच्या रंगकामामुळे नोय्यल नदी आणि तिच्यावरचं ओरथुपालयम धरण इतकं बिघडलं की २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथले रंगाचे कारखाने बंद करायला सांगितलं. पंचगंगेकाठच्या इचलकरंजीतही कापडावरच्या प्रक्रियेचं सांडपाणी हा जुना प्रश्न आहे. एकच रंग अनेक कारखाने वापरतात, त्यामुळे संवेदकाने रंग ओळखला तरी एकाकडे बोट दाखवता येणार नाही. पण कुठला रंग सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून तसाच निसटतोय, हे त्याच दिवशी कळेल. म्हणून या पॉलिमरची चाचणी अशा गावांच्या सांडपाण्यात, मिठासाबणासकट व्हायला हवी, आणि शोधायच्या रेणूंच्या यादीत रंगांइतकीच रंगहीन अमाइनही हवीत.