न मागता येणारे व्ह्यू

जुना डेटाबेस गळ्यात पडला की त्यातल्या टेबलांची मॉडेलं, म्हणजे कोडमधले क्लास, हाताने लिहीत बसण्यापेक्षा ती आपोआप लिहिणारा जनरेटर चालवणं सोपं. फाइल तयार होते, पण टेबलांच्या जोडीला रिपोर्टसाठी कुणीतरी कधीतरी केलेले व्ह्यू, म्हणजे नाव देऊन साठवलेल्या क्वेरी, हेही तिच्यात येऊन बसतात. पोस्टग्रेस या डेटाबेसवर तर आपण न केलेलेही येतात: पोस्टजीआयएस ही नकाशांच्या डेटासाठीची जोड घातली की 'जिऑमेट्री_कॉलम्स', 'पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स' हे एक्स्टेंशन घातलं की त्याच नावाचा व्ह्यू.

याचं मूळ बरंच मागे आहे. आयबीएममध्ये 'सिस्टिम आर' हा सुरुवातीचा रिलेशनल डेटाबेस घडत असताना, 1975 साली, चेंबरलिन, ग्रे आणि ट्रेगर यांनी व्ह्यूंवर निबंध मांडला. क्वेरी लिहिणाऱ्याला व्ह्यू टेबलासारखाच वाटावा, हीच त्यातली खुबी. एसक्यूएल या क्वेरी-भाषेच्या 1992 च्या मानकातल्या 'इन्फर्मेशन स्कीमा'तही (डेटाबेसमध्ये काय काय आहे याची नोंद) टेबल आणि व्ह्यू दोघांची नावं एकाच यादीत आहेत. 'बेस टेबल' की 'व्ह्यू' हे सांगायला एक वेगळा कॉलम आहे; तो न बघता यादी उचलली की व्ह्यू आलेच. मायएसक्यूएलमध्ये व्ह्यू 2005 साली 5.0 आवृत्तीत आले, आणि तिथलं साधं 'शो टेबल्स'ही दोन्ही सरमिसळ दाखवतं.

नुसती नावं वाढली असती तर चाललं असतं. ओआरएमला (टेबलातल्या ओळींची कोडमध्ये ऑब्जेक्ट करणारी लायब्ररी) मात्र प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीची एकमेव ओळख, लागते आणि व्ह्यूला ती नसते. 2008 मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या एंटिटी फ्रेमवर्क या ओआरएमने यावर अंदाजाचा मार्ग धरला: नल (रिकामे) न होणारे सगळे कॉलम मिळून 'की' समजायची आणि 6002 क्रमांकाची वॉर्निंग द्यायची. ती वाचतो कोण? समजा व्ह्यूमध्ये ग्राहक क्रमांक नल होत नाही, पण रक्कम होऊ शकते. मग 'की' ठरतो एकटा ग्राहक क्रमांक. एकाच ग्राहकाच्या 500 आणि 700 च्या दोन ओळी असतील, तर कोडमध्ये दोन्हीकडे 500 दिसतात, कारण दुसरी ओळ म्हणजे आधीचंच ऑब्जेक्ट असा समज होतो. तीच क्वेरी थेट डेटाबेसवर चालवली की उत्तर बरोबर! माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हा सगळ्यात वाईट निर्णय. त्याच्याच पुढच्या पिढीच्या ईएफ कोअर 3.0 ने 2019 मध्ये 'की' नसलेल्या एंटिटी (मॉडेल क्लास) जनरेट करून तो सुधारला, पण व्ह्यू न मागता येणं सुरूच राहिलं.

पायथॉनच्या बाजूला एसक्यूएलअल्केमी या ओआरएमसाठीचा 'एसक्यूएलएकोडजेन' हा जनरेटर व्ह्यू उचलतो. नको असल्यास 'नोव्ह्यूज' हा पर्याय आपण द्यायचा. व्ह्यूला 'की' नाही म्हणून क्लासऐवजी 'टी_' ने सुरू होणारं टेबल ऑब्जेक्ट मिळतं. दिसायला निरुपद्रवी. पण रिकाम्या टेस्ट डेटाबेसवर सगळी टेबलं तयार करणारं 'क्रिएट_ऑल' चालवलं की व्ह्यूच्या नावाचं खरंखुरं टेबल तयार होतं आणि पुढे व्ह्यू बनवणारी स्क्रिप्ट त्याच नावावर अडते. मॉडेल आणि डेटाबेस ताडून बघणारं अलेंबिक या टूलचं ऑटोजनरेटही फसतं: डेटाबेसमधल्या टेबलांत व्ह्यूचं नाव सापडत नाही, म्हणून ते मायग्रेशनमध्ये (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) 'क्रिएट टेबल' लिहून मोकळं होतं.

जँगो या पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कने शहाणपणा केला. 2013 च्या 1.6 पासून 'इन्स्पेक्टडीबी' हे त्याचं जनरेटर टूल मॉडेलवर 'मॅनेज्ड = फॉल्स' लिहितं, म्हणजे मायग्रेशन त्या टेबलाला हात लावत नाही. 2018 च्या 2.1 मध्ये व्ह्यूंसाठी 'इन्क्लूड-व्ह्यूज' हा पर्याय आला: मागाल तरच मिळतील. 2023 मध्ये प्रिझ्मा या जावास्क्रिप्टकडच्या ओआरएमनेही व्ह्यूंची सोय प्रीव्ह्यू फीचर म्हणूनच आणली, मुद्दाम चालू केल्याशिवाय न चालणारी.