घरची कोरफड कुत्र्या-मांजरांना चारावी का?

‘कोरफडीचं पिल्लू कुंडीत लावा, वाढलं की रोज एक तुकडा कुत्र्याला किंवा मांजराला द्या, पोट साफ राहतं,’ असा सल्ला बरीच वर्षं फिरतोय. कोरफड आपण चेहऱ्याला लावतो, काहीजण रसही पितात, त्यामुळे तो खरा वाटणं साहजिक आहे.

खात्री करायची तर एक जाड पान बुडापासून कापा आणि कापलेली बाजू खाली करून वाटीत उभं ठेवा. थोड्या वेळाने पिवळसर, उग्र वासाचा चीक उतरतो. हा आतला पारदर्शक गर नव्हे. चीक सालीच्या लगेच खाली असतो. त्यात अ‍ॅलोइन नावाचं कडू, जुलाब घडवणारं द्रव्य असतं. हाच चीक आटवून काळाबोळ करतात, आणि तो रेचक म्हणून आजीच्या बटव्यात असायचा. म्हणजे ‘पोट साफ होतं’ हे खोटं नाही. पण ते जुलाबाने होतं. कुत्र्या-मांजरांना त्याने उलट्या, जुलाब, मरगळ येते. छोट्या जिवाच्या अंगातलं पाणी लवकर कमी होतं.

गर धुऊन दिला तर? घरी सोलताना थोडा चीक राहतोच, त्यामुळे मी तरी देणार नाही.

कोरफड जरूर लावा. पिल्लं मुळासकट काढून लावली की सहज जगतात, नुसतं पान बहुधा कुजतं. कुंडी मात्र उंचावर टांगा. मांजराला चघळायला गव्हाचे कोवळे अंकुर द्या. पान खाल्लंच असेल, तर घरगुती उपाय न करता पशुवैद्यांना फोन करा.