सोलापूर–लंडन : हवाई अंतर व उड्डाणकाळ

सोलापूर (१७°४०′ उ., ७५°५४′ पू.) आणि लंडन (५१°३०′ उ., ०°०८′ प.) या शहरांमधील भूपृष्ठावरील सर्वांत कमी अंतर सुमारे ७,५२० किमी., म्हणजे अंदाजे ४,०६० सागरी मैल आहे. हे अंतर बृहद्‌वृत्तावर, म्हणजे पृथ्वीचा मध्य केंद्रस्थानी असलेल्या वर्तुळाच्या कंसावर मोजलेले आहे.

शाळेतील भिंतीवरच्या नकाशावर या दोन ठिकाणांना पट्टीने जोडले, तर रेषा पश्चिमेकडे झुकलेली दिसते. मर्केटर प्रक्षेपणावरील (गोल पृथ्वी सपाट नकाशावर दाखवण्याच्या एका पद्धतीतील) अशा सरळ रेषेने, दिशा न बदलता गेल्यास अंतर सुमारे ७,७४० किमी. भरते, म्हणजे दोनशेहून अधिक किमी. वाढते. खरा जवळचा मार्ग सोलापूरहून जवळजवळ वायव्येस निघून सिंध, बलुचिस्तान आणि इराणवरून आझरबैजानमध्ये पोहोचतो, जिथे निम्मे अंतर संपते. पुढे कॉकेशस ओलांडून तो दक्षिण युक्रेन, पोलंडमधील क्राकूव्हचा परिसर आणि जर्मनीवरून लंडनला येतो. प्रत्यक्षात मात्र विमाने या रेषेला चिकटून जात नाहीत. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ पासून नागरी वाहतुकीस बंद आहे, तर एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपल्या हवाई हद्दीत मनाई केली. अशा वेळी वळसा पडतो आणि इंधनाबरोबर वेळही वाढतो.

सोलापूरहून लंडनला थेट विमान नाही. होटगी रस्त्यावरील विमानतळावरून २०२५ मध्ये गोवा व मुंबई या मार्गांवर प्रवासी सेवा सुरू झाली, परंतु आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी मुंबई किंवा दुसरे मोठे विमानतळ गाठावेच लागते. अंतराच्या दृष्टीने मुंबईमार्गे जाण्यात फारसे काही गमवावे लागत नाही : सोलापूर–मुंबई सुमारे ३५५ आणि मुंबई–लंडन सुमारे ७,१९० किमी. मिळून थेट अंतरापेक्षा जेमतेम तीसेक किमी. अधिक होतात. दिल्लीमार्गे मात्र सुमारे ४०० किमी.चा फेरा पडतो. रेल्वेने सोलापूर–मुंबई हे अंतर ४५५ किमी. असून वंदे भारत गाडीलाही त्यासाठी सहा तासांहून अधिक वेळ लागतो. तेवढ्यात लंडनचे विमान निम्म्याहून अधिक वाट कापते.

ताशी ९०० किमी. वेग गृहीत धरला, तर ७,५२० किमी.स ८ तास २१ मिनिटे लागतात. उड्डाण, उतरण, धावपट्टीकडे जाणे-येणे आणि वळसे यांमुळे मुंबई–लंडन प्रवासाचे वेळापत्रक साधारण साडेनऊ ते साडेदहा तासांचे असते. परतीचा प्रवास बहुधा अर्धा ते एक तास लवकर आटोपतो, कारण समशीतोष्ण कटिबंधातील पश्चिमी वारे, विशेषतः सुमारे दहा किमी. उंचीवरील जेट प्रवाह, पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला मागून रेटतात. हिवाळ्यात हे वारे अधिक जोरदार असल्याने दोन्ही दिशांच्या वेळांतील तफावतही वाढते.

तिकिटावरील वेळा स्थानिक असतात, त्यामुळे त्यांची नुसती वजाबाकी फसवी ठरते. रेखांशानुसार दोन्ही शहरांच्या सूर्यवेळेत, म्हणजे सूर्याच्या आकाशातील स्थानावरून ठरणाऱ्या वेळेत, सुमारे ५ तास ४ मिनिटांचा फरक आहे. घड्याळात तो हिवाळ्यात साडेपाच, तर ब्रिटनमधील उन्हाळी वेळेत साडेचार तास होतो. सोलापूरची सूर्यवेळ भारतीय प्रमाणवेळेपेक्षा सुमारे २६ मिनिटे मागे असल्याने हिवाळ्यातील आकडा प्रत्यक्षापेक्षा मोठा दिसतो.